जुनी गाडी घाटात बंद का पडते? इंजिनावर पाणी ओतण्याआधी बघायच्या दोन गोष्टी

बेळगाव : केरी मागे पडलं की चोर्ला घाटाची चढण लागते. म्हापशाला नातेवाइकांकडे दोन दिवस राहून बेळगावला परतणारी जुनी पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये एकेक वळण घेत चाललेली असते. पाच-सात वळणं नीट जातात आणि इंजिन गप्प होतं. मागून ट्रकचा हॉर्न वाजतो, मोबाईलची रेंज जात-येत असते, पोरं खाली उतरतात. गाडीतलं कुणी वडीलधारं सांगतं, ''पाणी मार की रे जरा इंजिनावर.'' दोन बाटल्या रिकाम्या होतात, वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुढच्या फेरीला त्याच चढणीवर पुन्हा तेच.

जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेक घरांना हा प्रसंग माहीत आहे. त्यानंतर गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. आधी कार्बोरेटर साफ होतो, मग बदलला जातो. पुढे पंप, त्याच्यापुढे कॉइल. प्रत्येक वेळी गावातल्या गावात गाडी छान चालते आणि घाटात दगा देते. शेवटी 'इंजिनच गेलंय' असं कुणीतरी म्हणतं आणि आजोबांच्या नावावरची गाडी भंगाराच्या भावात जाते. प्रत्यक्षात दोष अनेकदा हाताच्या बोटाएवढ्या पार्टचा असतो. तो सापडत नाही, कारण गाडी गॅरेजमध्ये पोचते तेव्हा थंड झालेली असते आणि दोष तोवर लपलेला असतो.

गाडी कोणती आणि दोष कुठला

या भागात जुनी गाडी म्हणजे बहुतेक करून फियाट, पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बनू लागली. तिलाच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून गेली. पण घरगुती वापरातल्या पद्मिनी बेळगाव, पणजी, इंदूर, वडोदरा, हैदराबादेत अजून दिसतात.

या सगळ्या गाड्यांची रचना साधी आहे. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, इंजेक्शन नाही. मागच्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला लावलेला पंप खेचतो. गॅरेजमध्ये त्याला 'एसी पंप' म्हणतात. पंप ते कार्बोरेटरमध्ये ढकलतो आणि तिथे हवेत मिसळून ते सिलिंडरमध्ये जातं. दुसरीकडे बॅटरीच्या बारा व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत 'डेल्को', ते एकेका प्लगला वाटून देतो.

म्हणजे चालतं इंजिन बंद पडलं तर दोनच रस्ते तपासायचे असतात : करंट आणि पेट्रोल. कॉम्प्रेशन कमी झालं तर गाडी दम देत नाही, चढ घेत नाही, धूर टाकते. पण ठणठणीत चालता-चालता बंद पडून अर्ध्या तासाने पूर्ववत होणं हे कॉम्प्रेशनच्या दोषाचं लक्षण सहसा नसतं. त्यामुळे 'इंजिन उतरवू या' हा सल्ला ऐकण्याआधी हे दोन रस्ते तपासलेच पाहिजेत.

''एकदम गेली की झटके देत?''

अनुभवी मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी एक प्रश्न विचारतो : ''काका, गाडी एकदम गेली की झटके देत-देत?''

''एकदमच गेली बघा. बटण बंद केल्यासारखी.''

या उत्तराने निम्मं काम होतं. दिव्याचं बटण दाबल्यासारखी गाडी एका क्षणात गप्प झाली तर बहुधा करंट तुटला. झटके देत, दम सोडत, अॅक्सिलरेटर दाबला तरी न उचलता बंद पडली तर बहुधा पेट्रोल कमी पडलं. नियम शंभर टक्के खरा नाही, पण सुरुवात कुठून करायची हे त्यावरून ठरवता येतं.

दुसरा प्रश्न 'कधी' हा. सकाळी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? सिग्नलला उभी असताना की पळताना? चढावर की सपाटीवर? दहा मिनिटं थांबून पुन्हा निघताना? प्रत्येक वेळेचे संशयित वेगळे आहेत. सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीचा पंप बदलून काही साधत नाही आणि घाटात बंद पडणाऱ्या गाडीचा स्लो वाढवून काही होत नाही.

सारखी लक्षणं, वेगळे दोष

खरी गल्लत होते ती 'गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू' या तक्रारीत. दोन अगदी वेगळे दोष हेच लक्षण दाखवतात.

पहिला दोष पेट्रोलचा. चढणीवर इंजिनाला काम जास्त आणि वेग कमी असतो. समोरून वारा कमी मिळतो, बॉनेटखाली उष्णता साठते. जुना पंप पेट्रोल मागून खेचतो, म्हणून टाकी ते पंप या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तर फारशी उष्णता नसतानाही वाफ होतात. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. तो नुसता वाफेला दाबत-सोडत बसतो, कार्बोरेटरचं भांडं रिकामं होतं आणि गाडी थांबते. याला व्हेपर लॉक म्हणतात. नव्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे येतं, म्हणून त्यांना हा त्रास सहसा होत नाही.

दुसरा दोष करंटचा. कॉइलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तापल्यावर आतलं इन्सुलेशन दगा देतं आणि ठिणगी मरते. डेल्कोमधल्या छोट्या डबीसारख्या कंडेन्सरचंही तसंच. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडून करंट वाया जाऊ नये, हे त्याचं काम. तो तापून निकामी झाला की पॉइंट जळतात आणि प्लगला मिळणारी ठिणगी पिवळी, अशक्त होते. थंड झाल्यावर दोन्ही पार्ट पुन्हा शहाण्यासारखे वागतात.

आता घाटातलं पाणी आठवावं. बाटलीभर पाणी पंपावर, कॉइलवर, कार्बोरेटरवर, सगळीकडे ओतलं गेलं. गाडी सुरू झाली, पण कशामुळे हे कुणालाच कळलं नाही. दोष दाखवणारी एकमेव वेळ हातची गेली. शिवाय तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर बीड तडकू शकतं. रेडिएटरचं झाकण घाईत उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

पहिली पाच मिनिटं

गाडी बंद पडली की आधी ती जमेल तितकी रस्त्याच्या कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा आणि मागे काही अंतरावर त्रिकोण किंवा झाडाची फांदी ठेवावी. वळणाच्या तोंडाशी गाडी थांबली असेल तर माणसांना आधी उतरवून कठड्याच्या आत उभं करावं. तपासणी त्यानंतर. पण तपासणी गाडी गरम असतानाच करायची.

पहिली गोष्ट पेट्रोल. इग्निशन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढावं आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने अॅक्सिलरेटरची दांडी ओढावी. अॅक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक धार उडताना दिसते. धार आली म्हणजे भांड्यात पेट्रोल आहे, संशय करंटकडे जातो. धार आली नाही किंवा नुसते बुडबुडे आले तर दोष पेट्रोलच्या रस्त्यावर आहे. बघून झालं की फिल्टर परत बसवावा आणि सांडलेलं पेट्रोल वाळू द्यावं.

दुसरी गोष्ट करंट. एक जास्तीचा प्लग सोबत ठेवलेला असावा. एका प्लगची वायर काढून त्या जास्तीच्या प्लगला लावावी आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवून ठेवावा, कार्बोरेटरपासून लांब. वायर उघड्या हाताने धरू नये. दुसऱ्याने सेल्फ मारला की निळी, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, तुटक किंवा काहीच नसेल तर दोष करंटचा.

ठिणगी नसेल तर बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प कामाला येतो. चावी चालू करून कॉइलच्या ज्या टोकाला बॅटरीकडून करंट येतो तिथे लॅम्प लावावा. लागला नाही तर कॉइलचा दोष नाही. इग्निशन स्विच, वायर किंवा सैल झालेलं टोक शोधावं. लागला तर तो पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावून सेल्फ मारावा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करत आहेत आणि संशय कॉइल, कंडेन्सर, रोटर यांच्यावर येतो. लुकलुकला नाही तर पॉइंट किंवा डेल्कोच्या आतली छोटी वायर बघावी. ही वायर वर्षानुवर्षं हलून आतल्या आत तुटते, वरून मात्र धड दिसते. खड्ड्यात किंवा अॅक्सिलरेटर सोडताना बंद पडणाऱ्या गाडीत ती हमखास तपासावी. तपासणी संपल्यावर चावी बंद करायला विसरू नये, कारण इंजिन थांबलेलं आणि चावी चालू असेल तर कॉइल तापत राहते.

पाणी वापरायचंच असेल तर एका वेळी एकाच गोष्टीवर, तेही ओल्या फडक्याने. आधी पंप आणि त्याच्या नळीवर फडकं ठेवून पाच मिनिटांनी सेल्फ मारावा. चालू झाली तर व्हेपर लॉकचा पुरावा मिळाला. नाही झाली तर फडकं कॉइलवर ठेवावं, तिच्या जोडांना पाणी न लागू देता.

टाकीकडेही बघावं

घाट नसताना, सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर गाडी दम सोडत असेल तर एक सोपी चाचणी आहे. टाकीचं झाकण उघडावं. 'फुस्स' आवाज आला आणि गाडी चालू झाली तर दोष झाकणाचा. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा शिरली पाहिजे. हवेचं छिद्र बुजलं, किंवा मूळ झाकण हरवून बिनछिद्राचं बसवलं गेलं, तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही.

महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. गाडी पळू लागली की तो हलून नळीच्या तोंडाशी जमतो, गाडी बंद पडते. थांबल्यावर गंज खाली बसतो, गाडी सुरू होते. हेही वरवर 'गरम झाल्यावर बंद' सारखंच वाटतं. पंपाच्या आधी बसवलेल्या पारदर्शक फिल्टरमध्ये तांबूस गाळ दिसला की कारण कळतं. फक्त तो प्लास्टिकचा फिल्टर एक्झॉस्टपासून लांब हवा.

सिग्नलला बंद पडणारी गाडी

पळताना छान आणि उभी राहिली की बंद, या गाडीत बहुधा स्लो जेटमध्ये कचरा असतो, नाहीतर कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून जास्तीची हवा शिरत असते. इथे चोक उपयोगी पडतो. इंजिन गरम असताना चोक किंचित ओढावा. इंजिन स्थिर झालं तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. आणखी घुसमटून बंद पडलं तर पेट्रोल जास्त जातंय. म्हणजे फ्लोटची सुई नीट बसत नाही किंवा फ्लोटला भोक पडलंय. अशा गाडीचे प्लग काजळीने काळे पडतात.

गरम गाडी दहा मिनिटं थांबवून पुन्हा सुरू होत नसेल तर भांड्यातलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं. तेव्हा अॅक्सिलरेटर वारंवार न मारता एकदाच पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा.

पॉइंटमधलं अंतर तर दर सर्व्हिसिंगला फिलर गेजने मोजलंच पाहिजे. या गाड्यांना ते साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. पॉइंटची टाच झिजत गेली की अंतर कमी होतं आणि आधी स्लोवर, मग सगळीकडे त्रास सुरू होतो. पॉइंटच्या दोषाला कार्बोरेटरचा दोष समजणं ही गॅरेजमधली सर्वात जुनी आणि महागडी चूक आहे.

उसाचं पेट्रोल आणि जुनी रबर

गेल्या काही वर्षांत यात एक नवी भर पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूत वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये देशभरात वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठल्याचं केंद्राने जाहीर केलं. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीच्या पट्ट्यात इथेनॉल परकं नाही, कारण इथल्याच उसापासून ते बनतं. पण १९७० च्या दशकातली गाडी ते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नव्हती.

परिणाम तीन. एक, जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि पॅकिंग इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, पुढे चिरतात. पंपाच्या आधीच्या नळीला बारीक चीर गेली तर पेट्रोल बाहेर सांडत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे गळती दिसत नाही आणि गाडी मात्र बंद पडते. पंपानंतरच्या नळीला चीर गेली तर पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं, आणि मग प्रश्न गाडी बंद पडण्याचा राहत नाही, आगीचा होतो. दोन, इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी बसून गंज वाढवतं. शिवाय टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरकडे आणतं. तीन, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते आणि जाळायला हवाही कमी लागते. इंजेक्शनची गाडी हा फरक स्वतः भरून काढते. कार्बोरेटरचं जेट ठरलेल्या मापाचंच राहतं, म्हणून मिश्रण थोडं पातळ पडतं आणि चढावर गाडी अडखळते.

उपाय आवाक्यातले आहेत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबर इथेनॉल सहन करणाऱ्या नळीने बदलावी, क्लिपा नव्या घालाव्यात, पंपाला नवा किट टाकावा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर ती लांबून फिरवावी. पंप आणि इंजिन यांच्यामधलं जाड, उष्णता अडवणारं पॅकिंग गायब नाही ना हे बघावं. जास्त दिवस गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोल महिनोन् महिने तसंच पडून राहू देऊ नये.

चुकीचा उपाय कागदावरही महाग

दोष सापडत नाही म्हणून दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवणं हा प्रकार या भागात नवा नाही. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीच्या मालकाने इथे सावध राहावं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. मात्र ती मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचं ५ हजार, मुदत दहा वर्षं आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. नियम केंद्राचे असल्याने कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्हीकडे सारखेच आहेत. १९७४ सालची पद्मिनी आता या वयात आली आहे. एका कंडेन्सरपायी तिचं मूळ इंजिन घालवलं तर ही वाटही अवघड होते.

डिकीतला डबा, डॅशबोर्डातली वही

लांबच्या फेरीला निघताना एका डब्यात कंडेन्सर, पॉइंट, रोटर, एक प्लग, हातभर पेट्रोलची नळी, दोन क्लिपा, टेस्ट लॅम्प, फिलर गेज आणि फडकं ठेवावं. जमलं तर चालू असलेली जुनी कॉइलही. कंडेन्सर आधी गाडीत बसवून पन्नासेक किलोमीटर चालवून बघावा आणि मगच डब्यात ठेवावा. नवा पार्ट चांगलाच असतो असं नाही. बाजारात हलक्या प्रतीचे कंडेन्सर भरपूर आहेत आणि दगा देणारा नवा पार्ट मेस्त्रीलाही चकवतो.

सोबत एक छोटी वही. गाडी बंद पडली की तारीख, किती किलोमीटर चालल्यावर, चढ की सपाट, एकदम की झटके देत, पेट्रोलची धार होती का, ठिणगी होती का, किती वेळाने सुरू झाली, एवढं लिहावं. एका वेळी एकच पार्ट बदलावा आणि तोही वहीत टिपावा. दोन पार्ट एकदम बदलले आणि गाडी सुधारली तर दोष कुठला होता हे कधीच कळत नाही. अशा तीन-चार नोंदी मेस्त्रीसमोर ठेवल्या की थंड गाडी बघूनही त्याला कुठे हात घालायचा हे समजतं. आणि पुढच्या वेळी केरीच्या पुढे गाडी थांबलीच, तर पाण्याची बाटली पोरांना प्यायला द्यावी आणि आधी कार्बोरेटरच्या तोंडात बघावं.